होसूरचं दुकान

आण्णांची गाडी फाट्यावर थांबली तेव्हा इडलीच्या भांड्याला नुकतीच वाफ धरली होती. पांढरी लांबलचक गाडी, पुढं तमिळनाडूचा नंबर. जत्रा जवळ आली की आमच्या फाट्यावरून अशा गाड्या रोजच आत वळायच्या. कुणाची केरळची, कुणाची आंध्राची, कुणाची पार दिल्लीची. म्हणून मी मान वर केली नाही. मग काच खाली गेली आणि ओळखीचा आवाज आला.

"धना कुठाय?"

मी पिठाच्या हातानंच पदर डोक्यावर ओढला. आण्णा म्हणजे माझे थोरले दीर. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्यांच्यासमोर मी कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलले नव्हते.

"पाणी आणाय गेल्यात," मी म्हणाले.

ते खोटं होतं. धनाजी शेडच्या मागं बसून गिऱ्हाइकांच्या ताटल्या विसळत होते. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती. आता घेते, सवय झाली आहे. तर त्यांनी भावाचा आवाज ओळखला आणि पाण्याचा आवाज बंद झाला. थोड्या वेळानं ते शेडला वळसा घालून डांबरी रस्त्याच्या बाजूनं, कुठून तरी लांबून आल्यासारखे पुढं आले. विजारीच्या मांड्यांवर ओल्या हातांचे डाग तसेच होते.

आण्णांनी ते पाहिलं. संध्याकाळी बंगल्यावर या, एवढंच सांगितलं आणि गाडी गावाकडं वळली. मागच्या काचेतून अक्का, म्हणजे माझ्या जाऊबाई, माझ्याकडं बघून हसल्या. मागच्या जत्रेपेक्षा त्या खूप वाळलेल्या दिसल्या.

आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं गलाईच्या धंद्यावर बाहेर जातात. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायची. ज्या गावात सराफकट्टा, त्या गावात आमच्याकडचा एखादा तरी माणूस भट्टी लावून बसलेला असतो. आण्णा कोवळ्या वयात सेलमला गेले, मग मिसरूड फुटायच्या आधी धनाजींना नेलं. लग्न झाल्यावर मीही तिथंच गेले. खाली पुढं दुकान, मागं भट्टी, वर आम्ही. तेजाबात, म्हणजे ॲसिडात, माल टाकला की तांबूस पिवळा धूर उठायचा आणि जिन्यानं वर यायचा. खिडक्यांना फडकी लावून काही उपयोग नसायचा.

त्या धुरानंच आम्हाला परत आणलं. आमची रितू तीन वर्षांची झाली तरी तिचा खोकला हटेना. खोकून खोकून ओठ निळे व्हायचे. तिथल्या डॉक्टरांनी एक दिवस सरळ सांगितलं, औषध बदलून भागायचं नाही, घर बदला. आम्ही घर नाही, गावच बदललं. बोरजाईवाडीला आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात तिचा खोकला गेला.

पण धनाजींचं काय झालं ते मला सांगता यायचं नाही. ज्या माणसानं भट्टीपुढं बसून नुसत्या रंगावरनं सोन्याचा कस सांगावा, तो गावात आल्यावर कशाला हात लावावा हे त्याला समजेना. शेळ्या घेतल्या, चार महिन्यांत देऊन टाकल्या. रसवंती घातली, उन्हाळा संपायच्या आत मोडली. घरात सोप्यापासून उंबऱ्यापर्यंत येरझाऱ्या घालायचे. जेवताना अर्ध्यातून उठायचे. कुठं निघालात म्हणून विचारलं तर म्हणायचे, फाट्यावर. फाट्यावर काय होतं? एस.ट्या. पुण्याची, सोलापूरची, कोल्हापूरची. त्यांच्या पाट्या वाचत उभे राहायचे आणि परत यायचे. माणूस गावात होता, पाय गावात नव्हते.

माझा धंदा ठरवून सुरू झाला नाही. सेलमला आमच्या शेजारच्या बाईकडून मी इडली-डोसा शिकले होते. तिनं निघताना तिचा जुना दगडी ग्राइंडर मला दिला. तो वाकळेत गुंडाळून आम्ही इथवर आणला, कारण रितू दुसरं काही खायचीच नाही. एकदा तिला शाळेच्या डब्यात इडली दिली. तिच्या बाईंनी चाखली, चार दिवसांनी त्यांनी शिक्षकांच्या बैठकीसाठी मागवली. मग फाट्यावर पत्र्याचं शेड घातलं. शेड धनाजींनीच उभं केलं, एकट्यानं. मागचं काम तेच बघायचे. पाणी, जळण, भांडी. पण पुढं यायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं की आडोशाला व्हायचे. गावात मला "मद्रासी बाई" म्हणू लागले आणि त्यांना काय म्हणत होते ते माझ्या कानावर आलं होतं. त्यांच्याही आलं असणार.

संध्याकाळी आम्ही बंगल्यावर गेलो. आण्णांचा बंगला म्हणजे दोन मजली, पुढं खांब, खाली संगमरवर. गलाईवाल्यांचे असे बंगले आमच्या गावात बरेच आहेत आणि वर्षातले अकरा महिने त्यांना कुलूप असतं. ह्या बंगल्याची किल्ली माझ्याकडं असायची. दर सोमवारी मी जाऊन झाडून यायचे.

चहा झाला आणि आण्णांनी सांगितलं की होसूरला नवीन दुकान घेतलंय. ते धनाजींनी बघायचं.

"आजपतोर तू माझ्या हाताखाली राबलास," ते म्हणाले. "आता पाटीवर तुझं नाव. जत्रा झाली की संगंच निघू."

धनाजींनी कपबशी खाली ठेवली. मग उठले आणि भावाच्या पाया पडले. मी अक्कांकडं पाहिलं. त्या कपबशा गोळा करत होत्या, घाईघाईनं, जणू त्यांना खोलीतून बाहेर पडायचं होतं.

घरी येताना मी विचारलं, रितूच्या छातीचं काय. ते म्हणाले, होसूरला हवा थंड आहे. घर दुकानापासून लांब घेऊ. आणि माझं शेड? त्यावर ते म्हणाले की शेड काय, कुणालाही चालवायला देता येईल. मला विचारलं नाही, सांगितलं. पण त्यांच्या आवाजात दोन वर्षांत न ऐकलेलं काही तरी होतं, त्यामुळं मला भांडता आलं नाही.

पुढचे दिवस मी दुसराच माणूस पाहिला. त्यांनी दाढी नीट केली. इस्त्रीचे कपडे काढले. देवळापुढं पारावर गलाईवाले बसायचे तिथं जाऊन बसू लागले, आणि तिथं त्यांना जागा करून दिली जाऊ लागली. होसूरला सराफ किती, चांदीचं काम किती, अशा गोष्टी चालायच्या. घरी आले की पोटभर जेवायचे. गाढ झोपायचे. शेडकडं मात्र फिरकले नाहीत. पाणी मी आणत होते, ताटल्या मी विसळत होते, आणि रोज ठरवत होते की आज बोलायचं. ते समोर आले की मीच गप्प बसत होते. माझी झोप गेली. पीठ वाटताना दगड फिरत राहायचा आणि माझ्या डोक्यात एकच विचार फिरत राहायचा. नाही म्हणावं तर त्यांचं मोडतं. हो म्हणावं तर पोरीचं.

जत्रेच्या मुख्य दिवशी शेडवर उभं राहायला जागा नव्हती. मटणाची जेवणं दुपारी, पण सकाळी बाहेरून आलेल्या पोरांना काय द्यायचं हा घराघरातला प्रश्न. ती पोरं तिकडंच जन्मलेली. भाकरी बघून तोंड फिरवायची. एकानं इडलीचा पत्ता लावला आणि मग सगळीच आली. कुणी तमिळमध्ये मागतंय, कुणी तेलुगूत. "इन्नुम रेंडु," म्हणून ताटल्या पुढं यायच्या, म्हणजे आणखी दोन. त्यांचे आईबाप बाजूला उभे राहून बघत होते. मग हळूहळू तेही खायला लागले.

त्या गडबडीत कुणी तरी माझ्या हातातली पळी घेतली. अक्का होत्या. अंगावर जत्रेची जरीची साडी, गळ्यात सगळं सोनं, आणि पदर खोचून त्या साच्यात पीठ घालायला लागल्या. मी नको म्हणाले तर ऐकेनात. गर्दी ओसरेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग दोघी मागं खोक्यांवर बसलो. मी त्यांना ताटली दिली. दोन घास खाल्ले आणि त्यांना खोकला लागला. तो खोकला मी ओळखला. घरात तीन वर्षं ऐकला होता.

"डॉक्टरला दावलं का?" मी विचारलं.

"गोळ्या हैत." त्यांनी तोंड पुसलं. "उज्ज्वला, तू होसूरला येणार हैस?"

मी म्हटलं, काही ठरत नाही.

त्या रस्त्याकडं बघायला लागल्या. मग बोलल्या. एका दमात नाही, मधे मधे थांबत.

"सेलमला शेजारपाजारचे धुराच्या तक्रारी करायला लागलेत. म्हणून ह्यांनी भट्टीच होसूरला न्यायची ठरवलीया. भट्टीवर कामाला असलेली पोरंबी तिकडंच राहणार. नऊ पोरं हैत आता. त्यांचं दोन्ही येळचं जेवण मी बघत हुते, आता मला वाकून उठवत न्हाई. स्वयंपाकाला बाई ठिवली, ती पळाली. दुसरी ठिवली, ती बी टिकली न्हाई. तवा हे म्हणाले, धाकटीला आणू. ती नुसतं बोलवून यायची न्हाई. धनाचं नाव पाटीवर घातलं म्हंजी यील."

मी ऐकत होते. समोरून एक ट्रॅक्टर गेला, पोरं ओरडत होती, आणि मला ते सगळं काचेपलीकडं चालल्यासारखं वाटत होतं.

"मी सांगितलं असं म्हणू नगंस," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "न्हाई तर म्हण. मला काय."

म्हणजे होसूरचं दुकान म्हणजे तोच धूर. आणि त्याच्या शेजारी एक चूल, नऊ माणसांची. तिथं बसवायला मी पाहिजे होते. धनाजी नुसतं निमित्त होते.

त्या दुपारी मी घरी गेले तेव्हा ते सोप्यात रितूला होसूर कुठं आहे ते सांगत होते. जमिनीवर खडूनं रेघ काढली होती. इथं आपण, इथं बंगळूर, त्याच्या खाली हे. मला बघून म्हणाले, तुझा ग्राइंडर न्यायचा का तिथं नवीन घ्यायचा? मी उंबऱ्यात उभी होते. सगळं ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "बघू," आणि आत गेले.

जत्रा उलगडली त्या दिवशी आण्णांनी आम्हाला परत बंगल्यावर बोलावलं. गाड्या निघायला लागल्या होत्या. हॉलमध्ये बॅगा भरून ठेवलेल्या. आण्णा सोफ्यावर, धनाजी समोर खुर्चीवर, मी दाराशी. उद्या पहाटे निघायचं, रितूचा शाळेचा दाखला नंतर मागवून घेऊ, असं आण्णा सांगत होते. धनाजी मान डोलावत होते.

"मी येणार न्हाई," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. पदर डोक्यावर होता, नजर खाली होती, पण शब्द बाहेर पडले होते.

"अगं," धनाजी म्हणाले.

"ह्यास्नी जाऊ द्या, आण्णा. त्यांचं मन हाय. मी न् रितू हितंच ऱ्हाऊ. पोरीची छाती परत त्या धुरात न्यायची न्हाई मला."

बाहेर कुणी तरी गाडी चालू करून बघत होतं. धनाजी माझ्याकडं वळले. मला वाटलं आता ते माझ्यावर ओरडतील, आणि ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी भावाकडं बघितलं आणि हळू म्हणाले, "मी एकटा येतो, आण्णा. हिचं बघू फुडं."

आण्णांनी चहाचा घोट घेतला. ते वाईट माणूस नव्हते. रागावलेही नव्हते. जे मनात होतं ते त्यांनी सहज बोलून टाकलं.

"तू एकटा यून काय करणार? बाई न्हाई म्हणल्यावर तिथं पोरं कशी ठिवायची? भट्टी काय, कोणबी लावंल."

"म्हंजी?"

"संभाला ईचारतो. त्याची बायको तयार हाय यायला."

संभा म्हणजे त्यांचा मावसभाऊ. धनाजी खुर्चीतून उठले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"आन् पाटीवर?"

"पाटीचं काय," आण्णा म्हणाले, "रंगवायची हाय अजून."

मी धनाजींच्या तोंडाकडं बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही. संगमरवराकडं बघत राहिले, सोमवारी मीच पुसलेल्या. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून अक्का म्हणाल्या, "मीबी येत न्हाई."

आण्णांना ते नीट ऐकूच आलं नसावं. "काय?"

"मी हितं ऱ्हाते. उज्ज्वलासंगं."

"यडी झालीस व्हय?"

"अठरा वर्सं पोरास्नी जेवू घातलं. आता न्हाई व्हायचं." त्या चौकटीला धरून उभ्या होत्या, दम लागत होता, पण थांबल्या नाहीत. "हा बंगला बांधला तवा तुमी म्हणला, तुझ्यासाठनं बांधला. वर्सातनं आठ दिस येते मी हितं, पाव्हण्यावानी. जाताना तुमी कुलूप लावता. ह्या बारीला लावू नगा. मी आत हाय."

आण्णांनी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग उठून वर गेले. जिन्यावर त्यांच्या पायांचा आवाज जड होता. भांडण झालं नाही. आमच्यात असल्या वेळी माणसं भांडत नाहीत, झोपायला जातात.

आम्ही घराकडं निघालो. रितू पुढं उड्या मारत होती. मंदिराजवळ पाळणेवाले लोखंडी सांगाडे उतरवत होते. तिथं आल्यावर धनाजी थांबले.

"तुला ठावं हुतं?"

"अक्कांनी जत्रेदिवशी सांगितलं."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी दोन वर्सांनी सरळ चालत हुता," मी म्हणाले. "माझ्याच्यानं बोलवलं न्हाई."

मी बरोबर केलं की चूक, हे त्यांनी आजपर्यंत मला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. ते पुन्हा चालायला लागले. इतक्या भराभर की रितूला पळावं लागलं.

सकाळी जाग आली तेव्हा अंथरूण मोकळं होतं. मोटरसायकल अंगणात होती, मग मला भीती वाटली. एस.टी.नं गेले असतील तर? कुठल्या पाटीच्या? मी रितूला शेजारी सोडलं आणि पिठाच्या कॅन घेऊन शेडवर गेले. तिथं ते बसलेले दिसले, फाट्यावरच्या दगडावर, पाय लांब सोडून. मी हाक मारली नाही.

थोड्या वेळात आण्णांची गाडी आली. मागची जागा रिकामी होती. गाडी फाट्यावर हळू झाली. धनाजी उठले नाहीत, हातही वर केला नाही. आण्णांनी काच खाली केली. मग ड्रायव्हर खाली उतरला आणि माझ्याकडं एक डबा आणून दिला. अक्कांच्या गोळ्या होत्या. कुठली कधी घ्यायची ते अक्कांना सांगितलंय, पण त्या विसरतात, तुम्ही लक्ष ठेवा, असा मालकांचा निरोप आहे, असं म्हणाला. गाडी गेली.

मी कॅनची झाकणं उघडली आणि माझ्या लक्षात आलं. जत्रेच्या हिशेबानं डाळ-तांदूळ भिजवले होते. जत्रा तर गेली. गाव पुन्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांचं झालं होतं, आणि माझ्याकडं भरल्या कॅन होत्या. ऊन चैत्राचं. दुपारपर्यंत ते पीठ आंबून फुकट गेलं असतं. मी तशीच कॅनकडं बघत उभी होते तेव्हा धनाजी पुढून, गिऱ्हाइकांच्या बाजूनं, शेडमध्ये आले. दोन म्हातारे आणि एक कंडक्टर खात बसले होते. त्यांच्यासमोरच त्यांनी बोट बुडवून पीठ चाखलं.

"हे ऱ्हायचं न्हाई," ते म्हणाले. "बांधून दे."

"कुठं नेताय?"

"बघतो."

त्यांनी घरून मोटरसायकल आणली, दोन्ही बाजूंना कॅन बांधल्या, ओलं पोतं गुंडाळलं. मी आणखी काही विचारायच्या आत गाडी भिवघाटाच्या रस्त्याला लागली.

तो दिवस मला सरता सरेना. अक्का दुपारी आल्या, पायी, हातात पंख्यासारखा पदर धरून. रात्री झोप कशी लागली म्हणून विचारलं तर म्हणाल्या की चांगली लागली, फक्त पहाटे उठून नऊ माणसांचं पीठ मळायला बसणार होते, मग आठवलं. त्या हसल्या. मला हसू आलं नाही. माझे कान रस्त्याकडं होते. प्रत्येक मोटरसायकलला मी बाहेर येत होते, एस.टी. आली तर उतरणाऱ्यांत बघत होते. इतके दिवस जे त्या माणसाला होत होतं ते आता मला व्हायला लागलं होतं. बसवत नव्हतं, काही धरवत नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा ते आले. तोंड धुळीनं भरलेलं, शर्ट पाठीला चिकटलेला. मोटरसायकल उभी करून त्यांनी कॅन सोडल्या. खाली ठेवताना आवाजावरून कळलं, रिकाम्या होत्या.

अक्कांनी पाणी दिलं. ते उभ्यानंच प्यायले. आटपाडीला कुणी विचारलं नाही, म्हणाले. खरसुंडीला एका खानावळीवाल्यानं वास घेऊन परत दिलं. मग विट्याला गेले. तिथल्या सगळ्या हॉटेलांत जाऊन आले, एकेक करून. शेवटी स्टँडच्या मागं एकानं तव्यावर डोसा टाकून बघितला. मग त्यानं आणखी एकाला बोलावलं.

"कोण करतंय म्हणून ईचारलं त्येनं," धनाजी म्हणाले.

"मग?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "म्हणलं, आमी करतो."

मग ते शेडच्या मागं गेले आणि कॅन घासायला बसले. आतून म्हणाले, "उद्याच्याला जास्त भिजव."

त्यानंतर धनाजींनी कधी बसून खाल्लं नाही. आजही नाही. पहाटे निघतात, विटा, आटपाडी, पार सांगोल्यापर्यंत जातात. मोटरसायकल गेली, टेम्पो आला, दोन पोरं हाताखाली आली, तरी स्वतः जाणं सोडलेलं नाही. आधी मला वाटायचं की हा माणूस गावात रमला नाही म्हणून झुरतो. खरं म्हणजे त्याला रमायचं नव्हतंच. कुठं तरी त्याची वाट बघणारं कुणी पाहिजे होतं. अर्थात हे माझं म्हणणं. त्यांना विचारलं तर म्हणतील, पीठ वेळेवर पोचलं पाहिजे.

अक्का गेल्या नाहीत. पहिल्या पावसाळ्यापर्यंत त्यांचा खोकला निम्मा झाला, पुरता गेला नाही. माझं घर लहान, तीन ग्राइंडर झाल्यावर जागा पुरेना. त्यांनीच बंगल्याचा तळमजला मोकळा करून दिला. सोफे वर गेले. संगमरवरावर उडदाची पोती आली. आण्णा दर आठवड्याला फोन करायचे. बोलायचे थोडं, पण करायचे. संभाची बायको चार महिन्यांत होसूर सोडून आली, असं कळलं.

पुढच्या जत्रेला आण्णा आले. ह्या वेळी आधी कळवलं होतं. मी आणि अक्का हॉलमध्ये डाळ निवडत होतो, ग्राइंडर चालू होते, भिंतीपाशी कॅन ओळीनं लावलेल्या. ते दारात आले आणि तिथंच थांबले. त्यांनी चपला बाहेर काढल्या. हातातली बॅग कुठं ठेवावी म्हणून इकडंतिकडं बघितलं. सगळीकडं पोती होती.

"मी कुठं झोपायचं?" त्यांनी विचारलं.

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"वरची खोली झाडून ठिवलीया," त्या म्हणाल्या. "पाय धुवा आधी. जेवायला वाढते."